नोटरी झाली, अपॉस्टिलही झालं, तरी जन्मदाखला परत आला!

सांजपक्षी
मंडळी, आधीचे धागे चाळले पण माझ्या प्रश्नाचं उत्तर सापडलं नाही, म्हणून नवा काढतेय. लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

माझा जन्म एका देशात, लग्न दुसऱ्या देशात आणि राहायला आम्ही तिसऱ्याच. इथल्या नोंदणी कार्यालयाने माझा जन्मदाखला आणि लग्नाचा दाखला मागितला, दोन्ही अपॉस्टिल केलेले (कागद परदेशात चालावा म्हणून तो जिथला त्या देशाच्या सरकारकडून त्यावर घ्यायचं प्रमाणपत्र). लग्नाचा दाखला बिनबोभाट पास झाला. जन्मदाखल्याचं मात्र त्रांगडं होऊन बसलंय. मूळ दाखला एकच, आईने इतकी वर्षं प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेला. तो टपालात टाकायचा जीव होईना. म्हणून मोठ्या भावाने त्याची झेरॉक्स काढली, नोटरीकडून ट्रू कॉपी करून घेतली, त्यावर रीतसर अपॉस्टिल घेतलं आणि कुरिअरने पाठवलं.

खिडकीवरच्या बाईंनी कागद उलटसुलट पाहिला, अपॉस्टिलच्या एका ओळीवर पेन टेकवलं आणि म्हणाल्या, "हा जन्मदाखला नाही." मी विचारलं, मग काय आहे? तर म्हणे, "हा नोटरीचा कागद आहे."

शिक्का खरा, सही खरी, दाखलाही खरा. मग अडलं कुठे? भाऊ म्हणतो बाईंना काही कळत नाही, पुन्हा जा आणि भांड. भांडू का?

उनाड_ढग
वाचतोय. माझ्याही दोन डिग्र्या याच वाटेला लागणार आहेत.

मोहोरबंद
सांजपक्षी, भांडू नका. बाईंचं बरोबर आहे. मी बरीच वर्षं एका वकिलातीत कागद तपासायच्या टेबलावर काढली आहेत, ही चूक आठवड्यातून चारदा तरी समोर यायची.

ते अपॉस्टिल समोर घ्या आणि माझ्याबरोबर वाचा. चौकोनी नमुना असेल, वर फ्रेंचमध्ये शीर्षक आणि खाली १ ते १० आकडे घातलेले रकाने. जगात कुठेही काढलेलं असो, आकडे तेच. त्यामुळे भाषा येत नसली तरी वाचता येतं. पहिल्यात देशाचं नाव. दुसऱ्यात, कागदावर सही कोणाची आहे. तिसऱ्यात, त्या माणसाचा हुद्दा. चौथ्यात, शिक्का कोणाचा. मग ठिकाण, तारीख, अपॉस्टिल देणारा अधिकारी, क्रमांक, त्याचा शिक्का, त्याची सही.

आता लग्नाच्या दाखल्याचं अपॉस्टिल शेजारी ठेवा आणि दोन्हींचा तिसरा रकाना पाहा. एकावर निबंधक असेल, दुसऱ्यावर नोटरी. पैज लावतो.

सांजपक्षी
काका, पैज जिंकलात. अगदी तसंच आहे. पण तरी नोटरीने मूळ दाखला बघूनच सही केली ना?

मोहोरबंद
केली असेल. पण अपॉस्टिल देणाऱ्याला त्याच्याशी देणंघेणं नाही. तो एवढंच सांगतो की ही सही अमक्या नोटरीचीच आहे आणि हा माणूस खरोखर नोटरी आहे. दाखल्यावर ज्या निबंधकाची सही आहे त्याच्याबद्दल त्या कागदात अवाक्षर नाही. झेरॉक्समधली सही म्हणजे सहीचं चित्र, आणि चित्राची शहानिशा होत नाही.

अपॉस्टिल म्हटलं की लोकांना वाटतं, सरकारने मजकूर खरा ठरवला. मजकुराशी त्याचा काडीचा संबंध नसतो. उद्या मी प्रतिज्ञापत्रात लिहिलं की मी चंद्रावर जन्मलो, नोटरीसमोर सही केली, तर त्यावरही अपॉस्टिल मिळू शकेल. सही माझी आणि नोटरी खरा, बस.

आता उपाय. आईच्या पिशवीतल्या कागदाला तुम्ही 'मूळ' म्हणताय, पण मूळ आहे ते नोंदवहीत. पिशवीतला कागद हा तिच्यातून फार पूर्वी काढलेला एक उतारा आहे. भावाला सांगा, जिथे जन्म नोंदवला त्या कार्यालयातून नवा प्रमाणित उतारा काढ. त्यावर सध्याच्या निबंधकाची ताजी सही आणि शिक्का येईल. अपॉस्टिल थेट त्यावर. नोटरीकडे जायचंच नाही. पिशवीला हात लावायचं काही कारण नाही.

धाकटी_पाती
बाप रे. मी गेली तीन वर्षं नोटरी आणि अपॉस्टिल एकच समजत होते.

मोहोरबंद
पुष्कळ जण समजतात, कारण 'नोटरी' हा शब्दच देशागणिक बदलतो. फ्रान्स, जर्मनी, इटली, स्पेन इथला नोटरी म्हणजे कायद्याचा पंडित. तो दस्त स्वतः लिहितो, मजकुराची जबाबदारी घेतो, मूळ प्रत जपून ठेवतो. अमेरिकेत अनेक राज्यांत नोटरी म्हणजे परवाना घेतलेला साधा नागरिक. समोरचा माणूस तोच आहे हे ओळखपत्रावरून बघायचं आणि त्याच्या सहीला साक्ष राहायचं, एवढंच काम. त्यामुळे स्पेनमधला अधिकारी 'नोटरीचा कागद' म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर एक चित्र असतं आणि आपण नेतो ते दुसरंच.

गाठोडं
काका, माझा वेगळाच घोळ. संयुक्त अरब अमिरातीत नोकरी लागलीय. कंपनी म्हणते डिग्री 'अटेस्ट' करून आणा. मित्र म्हणतो अपॉस्टिल केलं की झालं. कोणाचं ऐकू?

मोहोरबंद
कंपनीचं. अपॉस्टिल आलं ते हेगमध्ये ५ ऑक्टोबर १९६१ रोजी झालेल्या करारातून. २४ जानेवारी १९६५ पासून तो लागू आहे. आज सव्वाशेहून जास्त देश त्यात आहेत, पण अमिराती नाही. तिथे जुनीच साखळी चालते: आधी ज्याने कागद दिला त्याची खातरजमा, मग त्या देशाचं परराष्ट्र मंत्रालय, मग त्याच देशातली अमिरातीची वकिलात आणि शेवटी अमिरातीत उतरल्यावर तिथलं परराष्ट्र मंत्रालय. यालाच लिगलायझेशन किंवा अटेस्टेशन म्हणतात. प्रत्येक टेबल फक्त आपल्या आधीच्या टेबलाची सही ओळखतं. म्हणून मधला एक शिक्का गाळून पुढे गेलात तर पुढचा तुम्हाला ओळखही देत नाही.

करार झाला तोच ही मिरवणूक बंद करायला. एक प्रमाणपत्र, बास. दूतावासाचा शिक्का लागत नाही.

गाठोडं
मग मित्राचं सौदीत अपॉस्टिलवर कसं भागलं? तेही शेजारीच ना?

मोहोरबंद
कारण सौदी अरेबियात करार ७ डिसेंबर २०२२ ला लागू झाला. चीनमध्ये ७ नोव्हेंबर २०२३ ला, कॅनडात ११ जानेवारी २०२४ ला. बहारीन आणि ओमान त्याही आधीपासून आहेत. म्हणजे २०२१ साली कॅनडातून कागद नेलेल्या माणसाचा सल्ला तेव्हा अगदी बरोबर होता आणि आज पूर्ण चूक आहे. जुने धागे वाचताना प्रतिसादाची तारीख आधी बघत जा, हा धागासुद्धा.

करार सांभाळणाऱ्या हेग परिषदेच्या संकेतस्थळावर देशांचा तक्ता आहे, तो बघा. त्यातही एक मेख आहे. नव्या सदस्याबद्दल जुना सदस्य हरकत घेऊ शकतो, आणि हरकत असेल तर त्या दोघांपुरता करार लागू होत नाही. भारत सामील झाला तेव्हा जर्मनीने अशी हरकत घेतली होती. म्हणजे दोन्ही नावं तक्त्यात दिसतात, तरी एकमेकांसाठी नाहीत. नावापुढची तळटीप वाचल्याशिवाय तक्ता मिटू नका.

निवांत
सांजपक्षीताई, नवा उतारा आला की एक पथ्य पाळा. अपॉस्टिल वेगळ्या कागदावर असेल तर ते दाखल्याला जोडलेलं येतं, स्टेपलने, फितीने किंवा उठावाच्या शिक्क्याने. मी शहाणपणा केला. स्कॅन नीट येईना म्हणून नखाने स्टेपल हळूच उचकटली, दोन्ही पानं सपाट ठेवून सुंदर स्कॅन काढलं आणि त्याच भोकांतून नवी स्टेपल मारली. अगदी त्याच भोकांतून! तपासणाऱ्याने कागद उजेडात धरला, अंगठ्याने कोपरा चाचपला आणि परत दिला. उठावाचा शिक्का दोन्ही पानांवर मिळून एक होता, तो केसभर सरकला होता. सगळं पहिल्यापासून.

आता कोपरा दुमडून, पान वाकडं धरून जसा येईल तसा फोटो काढतो.

उनाड_ढग
"अगदी त्याच भोकांतून" :हहपुवा:

निवांत
हसा हसा. लॅमिनेशन केलेल्या डिग्रीवर शिक्का मारायला गेलात की मी हसेन.

उनाड_ढग
...माझ्या दोन्ही डिग्र्या लॅमिनेट केलेल्या आहेत.

मोहोरबंद
उनाडराव, दुसरी प्रत मागवायच्या तयारीला लागा. लॅमिनेटवर शाई धरत नाही, उठावाचा शिक्का बसत नाही आणि खालची सही तपासता येत नाही. बहुतेक ठिकाणी घेतच नाहीत.

डिग्रीचं आणखी एक सांगतो. अपॉस्टिल देणाऱ्या कार्यालयाकडे सह्यांचे नमुने असतात, त्यांच्याशी ताडून बघतात. कुलसचिवाची सही त्यांच्या दप्तरी नसेल तर आधी विद्यापीठाकडून किंवा शिक्षण खात्याकडून पडताळणी मागतात. काही देशांत मात्र डिग्रीची प्रत नोटरी किंवा वकिलाने प्रमाणित केली की त्याच सहीवर अपॉस्टिल मिळतं आणि ते चालतंही. म्हणजे सांजपक्षींना जे नडलं तेच तुम्हाला तारू शकतं. तिकडच्या विद्यापीठाला विचारा, "मूळ डिग्रीवर अपॉस्टिल हवं की प्रमाणित प्रतीवर?" नेमकं याच शब्दांत, आणि ईमेलवर. फोनवर मिळालेलं उत्तर खिडकीवर दाखवता येत नाही.

शब्दवेल्हाळ
अनुवादक या नात्याने माझे दोन शब्द. दोनावर थांबेन असं नाही.

लोक भाषांतर आधी करून घेतात आणि अपॉस्टिल नंतर. मग अपॉस्टिलचा कागद भाषांतराविना उरतो आणि अधिकारी विचारतो, हे काय लिहिलंय? बहुतेक वेळा क्रम उलटा हवा. आधी मूळ कागदावर अपॉस्टिल, मग सगळ्याचं मिळून भाषांतर, शिक्के, पाठची नोंद, समासातला शेरा, सगळं. मी तर "गोल निळा शिक्का, मधला मजकूर अस्पष्ट" असंही लिहिते. गाळलेल्या शिक्क्यावरून कागद परत आलेला पाहिलाय.

दुसरं, भाषांतर कोणाचं चालेल हे कागद जिथे द्यायचा तो देश ठरवतो. जर्मनी, फ्रान्स, स्पेनमध्ये शपथबद्ध अनुवादक असतात, त्यांच्या सही-शिक्क्याला तिथे वजन असतं. तिथे बाहेरून करून आणलेलं भाषांतर पुष्कळदा नाकारतात आणि दुसऱ्यांदा पैसे जातात. उलट काही देशांत अशी व्यवस्थाच नाही. तिथे अनुवादक नोटरीसमोर सही करतो आणि त्या सहीवर वेगळं अपॉस्टिल लागू शकतं. म्हणजे एका दाखल्याला दोन अपॉस्टिल, एक दाखल्याचं आणि एक भाषांतराचं.

युरोपीय संघातल्या एका देशाचा कागद दुसऱ्या देशात द्यायचा असेल तर हा सगळा व्याप करण्याआधी थांबा. १६ फेब्रुवारी २०१९ पासून जन्म, लग्न, मृत्यू, रहिवास असल्या कागदांना तिथे आपसात अपॉस्टिल लागत नाही. सोबत बहुभाषिक नमुना मागून घेतला तर भाषांतरही टळू शकतं. पण कागद संघातल्याच देशाने दिलेला हवा. बाहेरच्या कागदाला ही सवलत नाही.

सांजपक्षी
ताई, माझ्या लग्नाच्या दाखल्याचं एवढं बिनबोभाट का झालं ते आत्ता कळलं! दोन्ही देश संघातलेच. अपॉस्टिलची गरजच नव्हती तर.

शब्दवेल्हाळ
गरज नव्हती, पण असलं म्हणून बिघडत नाही. कार्यालयातली यादी सगळ्यांसाठी एकच छापलेली असते.

आणि नावाचं स्पेलिंग! मूळ लिपी वेगळी असली की एकच नाव तीन कागदांवर तीन तऱ्हांनी येतं. मला माणसं आर्जवं करतात, "ताई, भाषांतरात पासपोर्टसारखं करून टाका ना." मूळ कागद ज्या लिपीत आहे तिच्यातून आणताना पासपोर्टचं स्पेलिंग मी घेऊ शकते, घेतेच. पण मूळ कागदावरच रोमन लिपीत वेगळं छापलं असेल तर मला त्याला हात लावता येत नाही. ती दुरुस्ती नोंदवहीत व्हायला हवी. नाहीतर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र, तेही समोरचं कार्यालय घेत असेल तर. लग्नानंतर नाव बदललेल्यांनी लग्नाचा दाखला कायम जोडीला ठेवा. दोन नावांमधला पूल तोच.

धाकटी_पाती
माझा प्रश्न घुसवते. बाबांचं घर विकायचंय, मालकीत माझं नाव आहे, आणि मी परदेशात. मुखत्यारपत्र करायचंय. मसुदा तयार आहे, मी सही करून ठेवलीय, उद्या नोटरीकडे—

निवांत
थांबा! सही करून ठेवलीय??

धाकटी_पाती
हो. का?

निवांत
नव्याने प्रिंट काढा. नोटरीसमोर सही करायची असते. आधीच केलेली सही पाहून माझ्या नोटरीने टोपण लावून पेन खिशात ठेवलं.

मोहोरबंद
निवांत म्हणतात तसंच. मुखत्यारपत्राच्या वाटा दोन. घर ज्या देशात आहे त्या देशाच्या वकिलातीत जाऊन अधिकाऱ्यासमोर सही करायची, किंवा तुम्ही आहात तिथल्या नोटरीसमोर सही करून त्यावर त्याच देशाचं अपॉस्टिल घ्यायचं. दोन्ही एकदम करू नका. वकिलातीच्या अधिकाऱ्याने केलेले कागद अपॉस्टिलच्या करारातून मुळातच वगळलेले आहेत. वकिलातीचा शिक्का घेऊन अपॉस्टिलच्या रांगेत उभी राहिलेली माणसं मी परत पाठवली आहेत, फार वाईट वाटायचं.

यातली कुठली वाट घ्यायची आणि मसुद्यात काय हवं, हे घर जिथे आहे तिथल्या वकिलाकडून लिहून घ्या. "सर्व अधिकार देत आहे" एवढ्यावर घर विकता येईलच असं नाही. मिळकतीचं वर्णन, विकण्याचा, पैसे स्वीकारण्याचा आणि नोंदणीला हजर राहण्याचा अधिकार वेगवेगळा लिहावा लागतो. तिथे गेल्यावर मुद्रांक आणि नोंदणीचं काय करायचं तेही आत्ताच विचारून ठेवा.

धाकटी_पाती
ऑनलाइन नोटरी चालेल का? व्हिडिओवर करून देतात म्हणे.

मोहोरबंद
ज्या देशात किंवा राज्यात कायदा आहे तिथे करून देतात. अमेरिकेत व्हर्जिनियात २०१२ पासून आहे, मग बऱ्याच राज्यांनी आणलं. पण तिथे कायदेशीर आहे म्हणून तुमच्या घराच्या नोंदणी कार्यालयाने ते घेतलंच पाहिजे असं नाही. अपॉस्टिल असलं तरी नाही. घराचा मामला आहे, मी असतो तर प्रत्यक्ष जाऊन केलं असतं.

आणि अमेरिकेत असाल तर अपॉस्टिल ज्या राज्यातला नोटरी त्याच राज्याचं. काही ठिकाणी नोटरीच्या सहीवर आधी काउंटी क्लार्कचा, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या दप्तर अधिकाऱ्याचा, दाखला लागतो, न्यूयॉर्कमध्ये लागतो. केंद्र सरकारच्या कागदांचं अपॉस्टिल मात्र परराष्ट्र खात्याकडून.

गाठोडं
कागद किती दिवस चालतात? पोलीस दाखला आणि डिग्री एकदमच करून ठेवावी म्हणतोय.

निवांत
डिग्री करा. पोलीस दाखला शेवटी. अपॉस्टिलला मुदत नसते, पण खालच्या कागदाला असते. माझा पोलीस दाखला सगळ्यात आधी झाला म्हणून मी खूश होतो. बाकीचे कागद येईपर्यंत तो तीन महिन्यांवर गेला होता आणि तिकडे तीन महिन्यांच्या आतला हवा होता.

जन्मदाखल्यालाही काही देश 'सहा महिन्यांच्या आत काढलेला' अशी अट घालतात. जन्म काय दर सहा महिन्यांनी बदलतो? असो.

मोहोरबंद
जन्म बदलत नाही, पण समासातल्या नोंदी बदलतात. फ्रान्ससारख्या देशांत लग्न, घटस्फोट जन्मनोंदीच्या समासातच लिहितात. त्यांना तो समास ताजा बघायचा असतो.

उनाड_ढग
एजंटला सगळं देऊन मोकळं व्हावं का? एकाने चार दिवसांत करून देतो म्हटलंय.

निवांत
एजंट सगळेच वाईट नसतात, लांबच्या कामाला मी नंतर एकाला लावलाच. पण मागे माझ्या मेव्हणीला एकाने दिलेलं अपॉस्टिल दिसायला बावनकशी होतं, सोनेरी मोहोर वगैरे. नोंदवहीत मात्र त्याचा पत्ता नाही.

उनाड_ढग
नोंदवही कोण बघायला जातं?

मोहोरबंद
प्रत्येक अपॉस्टिलची नोंद ठेवणं देणाऱ्यावर बंधनकारक आहे, आणि कागद स्वीकारणारा विचारू शकतो. आता पुष्कळ देशांत ही नोंदवही ऑनलाइन आहे. आठव्या रकान्यातला क्रमांक आणि सहाव्यातली तारीख टाकायची. काहींवर क्यूआर कोडही असतो, पण कोड कुठल्या पत्त्यावर नेतो ते बघा. बनावट मोहोर करणाऱ्याला बनावट पान करणं जड नसतं. सरकारी पत्ता स्वतः शोधून क्रमांक हाताने टाका. एजंटचे उरलेले पैसे त्यानंतर.

सांजपक्षी
अपडेट द्यायला आलेय. मध्ये पाच आठवडे गेले.

भावाला काकांचा प्रतिसाद जसाच्या तसा पाठवला. आधी कुरकुरला, मग गेला. नोंदणी कार्यालयात जुनी वही शोधायला दोन खेपा झाल्या. तिथे कळलं की माझं आडनाव एक अक्षर गाळून नोंदवलंय, आणि पिशवीतल्या दाखल्यावरही ते तसंच आहे. इतक्या वर्षांत कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं! आई म्हणते, "मला वाटलं सरकारी लिहिणं असंच असतं." शब्दवेल्हाळताईंनी सांगितलं होतं म्हणून भावाने आधी नोंदवहीतच दुरुस्ती करून घेतली, मग नवा उतारा आणि त्यावर अपॉस्टिल. क्रमांक ऑनलाइन टाकून बघितला, सापडला. इथल्या शपथबद्ध अनुवादिकेकडून भाषांतर, शिक्क्यांसकट. स्टेपलला हात लावला नाही.

आज तो घेऊन गेले. खिडकीवर त्याच बाई.

मोहोरबंद
तिसऱ्या रकान्यावर पेन टेकवलं का?

सांजपक्षी
टेकवलं. मग काही न बोलता कागद आत घेतला आणि पुढच्या माणसाला हाक मारली.